गाव बदलण्याआधी

तलाकनंतर संसार दोन होतात, पण मूल दोघांचेच राहते. हे सगळे मान्य करतात. मात्र दोघांपैकी एकाला गाव सोडावे लागले की खरी परीक्षा सुरू होते. तुमसर, पवनी किंवा साकोलीची मुलगी तलाकनंतर मुलाला घेऊन माहेरी येते. वर्ष-दोन वर्षे अम्मी-अब्बांच्या आधाराने निघतात. मग नागपूरला दवाखान्यात काम मिळते, हैदराबादला भाऊ बोलावतो, नाहीतर पुण्यात दुसरा निकाह जमतो. कधी मूल वडिलांजवळ असते आणि त्यांना कामासाठी आखातात जायचे असते. मग एक बाजू शाळेत येऊन म्हणते, "दाखला द्या." दुसऱ्या बाजूचा फोन येतो, "दाखला देऊ नका." आम्हा शिक्षकांना हे नवे नाही.

दाखल्याची गोष्ट आधीच स्पष्ट करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला शाळा बदलायचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दाखला अडवून मूल थांबत नाही, त्याचे फक्त वर्ष वाया जाते. मूल कुठे राहावे हा वाद शाळेच्या कचेरीत सुटणारा नाही.

मग तो कशाने सुटावा? आपल्या बुजुर्गांनी यावर बारकाईने विचार केला आहे. हनफी फिकहप्रमाणे लहान मुलाच्या संगोपनाचा, म्हणजे हिजानतचा, पहिला हक्क आईचा आहे: मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. खर्च मात्र वडिलांवर आहे. आई मुलाला घेऊन दुसऱ्या शहरी जाऊ शकते का, याचे उत्तर 'हिदाया'मध्ये आहे. सर्वसाधारणपणे नाही, पण ज्या माहेरगावी तिचा निकाह झाला तिथे ती नेऊ शकते. आणि दोन गावे इतकी जवळ असतील की वडील मुलाला भेटून रात्री आपल्या घरी परततील, तर हरकतच नाही. कोकणातील शाफई घराण्यांत तपशील वेगळे आहेत, पण दोघांचा विचार तिथेही आहे.

हे मोजमाप आम्हाला फार शहाणपणाचे वाटते. अंतर कोसांत मोजलेले नाही. वडील मुलापर्यंत पोहोचू शकतात का, यावर मोजले आहे. भंडारा ते नागपूर साधारण साठ किलोमीटर. सकाळी निघालेला बाप मुलासोबत जेवून संध्याकाळी घरी येतो. भंडारा ते हैदराबाद ही वेगळी गोष्ट आहे. तिथे जायचे तर भेटीची सोय आधी ठरवावी लागते.

देशाचा कायदाही जवळपास हेच विचारतो. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाचे हित पाहायचे आहे, मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला, परवानगीशिवाय, मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. म्हणजे रात्रीतून मूल घेऊन निघून जाणे हा शहाणपणा नाही. त्याने आपलीच बाजू कच्ची होते.

जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे पुण्यातील एक प्रकरण आले. पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या आईला कंपनीने पोलंडमधील क्राकोव्ह शहरात काम देऊ केले होते. नऊ वर्षांची मुलगी तिच्याजवळ वाढत होती. वडिलांचा विरोध होता: मुलगी तुटेल, शिवाय शेजारी युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे. कुटुंब न्यायालयाने परवानगी नाकारली होती. न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी ती दिली. नोकरी आणि मूल यांतून एक निवड, असे आईला सांगता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पण वडिलांना वाऱ्यावर सोडले नाही. मुलीशी बोलणे आणि प्रत्यक्ष भेट या दोन्हींची व्यवस्था आईवर सोपवली.

त्याआधी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ऑस्ट्रेलियाला जाऊ इच्छिणाऱ्या घटस्फोटित आईचे प्रकरण आले होते. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून त्याचे मन जाणून घेतले आणि आईला परवानगी कायम ठेवली. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, मुलाची परिस्थिती बदलली की तोही बदलू शकतो, हेही त्या निकालात सांगितले.

आमच्या वाचक भगिनींना आणि भावांना आमचे सांगणे असे. गाव सोडायचे ठरत असेल तर दुसऱ्या बाजूला आधी कळवा, सामान बांधल्यावर नव्हे. दोन्ही घरचे वडीलधारे बसून कागदावर लिहा: नवा पत्ता, शाळा कोणती, माध्यम उर्दू की मराठी, उन्हाळ्याची सुट्टी कुणाकडे, ईद कुणाकडे, फोन कोणत्या वेळी, गाडीभाडे कोण देणार, आजारपणात कुणाला कळवायचे. जमातीसमोर झालेला कागद चांगला, पण त्यावरून न्यायालयाचा संमतीचा आदेश घेतला तर तो पाळायला लावता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते.

वडिलांनाही एक शब्द. भेट होत नाही म्हणून खर्च थांबवू नका. नफका मुलाचा आहे, आईवरचा उपकार नाही. आणि आईंनो, खर्च येत नाही म्हणून भेट थांबवू नका. वडील मुलाचे आहेत, तुमच्या रागाचे नाहीत. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत मुलापायी आईलाही त्रास देऊ नये आणि बापालाही, असा आदेश आहे. तो दोघांसाठी एकाच आयतीत आहे, हे लक्षात ठेवावे.

वर्गात मूल गप्प बसू लागले, डबा परत नेऊ लागले, 'आम्ही जाणार आहोत का?' असे विचारू लागले की आम्हाला कळते, घरात काहीतरी ठरते आहे आणि त्याला कुणी सांगितलेले नाही. म्हणून सगळ्यात शेवटी पण सगळ्यात आधी हे करा: दोघांनी मिळून, नाहीतर निदान एकाच सुरात, मुलाला सांगा की आपण कुठे जाणार, अब्बा किंवा अम्मी कधी भेटणार. नव्या गावी पोहोचल्यावर पहिला फोन त्या दुसऱ्या घरी लावून द्या. मूल तेवढ्यावर पुष्कळ सावरते.