भाडोत्री कोण?

गेल्या दिवाळीत आमच्या नांदेडच्या घरी फराळाला पाहुणे जमले होते. चकली खुसखुशीत झाली होती आणि गप्पाही तशाच चालल्या होत्या. कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता. लातूरहून आलेल्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी पडद्यावरच्या एका खेळाडूकडे बोट दाखवून विचारले, "हा मागच्या वर्षी दुसऱ्याच संघात होता ना हो? आणि त्याच्या आधी तिसऱ्या?" कोणीतरी होकार दिला. "म्हणजे भाडोत्री! पैसा दिसला की निघाले. ना गावाचे, ना नावाचे!" असा निकाल देऊन त्यांनी शांतपणे करंजी उचलली.

थोड्या वेळाने त्यांच्या चिरंजीवांचा विषय निघाला. पुण्यात एक नोकरी, बंगळूरला दुसरी आणि आता अमेरिकेत तिसरी. हे सांगताना पाहुण्यांचा चेहरा पणतीसारखा उजळला होता. घरी आलेल्या पाहुण्याशी, तेही सणाच्या दिवशी, वाद घालणे बरे नव्हे म्हणून मी गप्प बसलो. त्या दिवशी गिळलेले शब्द आज कागदावर उतरवतो.

वाचकहो, माझा प्रश्न साधा आहे. मास्तर एका गावाहून दुसऱ्या गावी गेला, तर त्याला आपण बदली म्हणतो. अभियंता गेला, तर ती प्रगती. माळेगावच्या यात्रेत लांबलांबचे मल्ल इनामाची कुस्ती मारायला येतात, तेव्हा आपण फेटे उडवतो. त्यांना कोणी विचारत नाही की बाबा रे, गेल्या आठवड्यात तू कोणत्या जत्रेत होतास? मग पायांच्या कसबावर पोट भरणाऱ्या फुटबॉलपटूनेच असा कोणता गुन्हा केला, की त्याने बारा गावचे पाणी प्यायले म्हणजे तो बाटला?

ज्यांची नावे वर्तमानपत्राच्या मथळ्यात येतात, त्या दहा-पाच तारकांबद्दल मी बोलत नाही. त्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत उभा असलेला, वर्षाचा करार संपत आला की रात्री झोप न लागणारा, आज गोव्यात तर उद्या कोलकात्यात पेटी-वळकटी घेऊन उतरणारा जो खेळाडू आहे, त्याच्याबद्दल बोलतो आहे. खेळ त्याच्याच खांद्यावर उभा असतो. भिंत उभी राहते ती पायातल्या दगडांवर. कळसाला कोणी भार उचलायला सांगत नाही.

आता तो संघ का बदलतो ते पाहू. आपल्याच महाराष्ट्राचा हिशेब मांडा. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली हा संघ मालकांनीच बंद केला. पुण्याचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला आणि मिटला. २०१७ मध्ये मुंबई एफसी गेला, त्याच सुमारास पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स गेला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. त्या हैदराबादने २०२२ मध्ये चषक जिंकला. पुढे तिथे पगार थकले, खेळाडू सोडून गेले आणि २०२५ मध्ये तो संघच दिल्लीला हलला. उलट दिल्लीचा एक जुना संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशाचा झाला होता! आता मला सांगा, भाडोत्री कोण? एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवतो आहे तो खेळाडू, की शहराशहरांतून भाड्याची घरे बदलत हिंडणारे हे संघ?

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे उदाहरण घ्या. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा हा मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात देशासाठी खेळला. पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा त्याचा प्रवास झाला. मध्येच इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ सराव करून आला. ज्या पुण्यात तो घडला, त्या पुण्याचे लीगमधले संघ त्याची विशी उलटण्याआधीच बंद पडले होते. तो बाहेर गेला नसता तर काय शनिवारवाड्याच्या भिंतीवर चेंडू मारत बसला असता? आणि गंमत पाहा. ते ब्लॅकबर्न २०१० साली विकत घेतले कोणी? पुण्याच्याच कोंबड्यांच्या धंद्यातल्या एका उद्योगसमूहाने! ज्या वर्षी मुंबईतला विजेता संघ बंद झाला, त्याच वर्षी महाराष्ट्रातला पैसा इंग्लंडमधला संघ घ्यायला निघाला. पैसा सातासमुद्रापार गेला तर तो पराक्रम. खेळाडू गेला तर भाडोत्री!

कोणी म्हणेल, खेळाडूला पैसे भरपूर मिळतात, मग रडता कशाला? काहींना मिळतात, हे मी नाकारत नाही. पण किती वर्षे? चौतिशी-पस्तिशीला, जेव्हा आमच्या पाहुण्यांच्या चिरंजीवांना बढती मिळते, तेव्हा त्याचे गुडघे सेवानिवृत्त होतात. त्यातही तो पैसा हातात पडेलच याची शाश्वती नाही. २०२५ च्या जुलैत देशातली सर्वांत मोठी लीग चालवणाऱ्यांनी, महासंघाशी असलेल्या कराराचा घोळ मिटेना म्हणून, पुढचा हंगामच स्थगित केला. ऑगस्टमध्ये बंगळूरच्या संघाने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. ज्या सुनील छेत्रीने देशाकडून सर्वाधिक गोल केले, त्याचाच हा संघ. इथे स्थिरावण्यापूर्वी तोही मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, अमेरिकेतले कॅन्सस सिटी, पोर्तुगालचे स्पोर्टिंग असा हिंडला होता. सेनापतीची ही कथा, तर शिपायाचे काय?

परदेशात तरी काय वेगळे? बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन हा असाच एक साधा खेळाडू. १९९० साली त्याचा करार संपला. तरी जुन्या संघाने त्याला सोडले नाही. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, की करार संपला म्हणजे खेळाडू मोकळा. त्या निकालावर पुढे शेकडो खेळाडू श्रीमंत झाले. बोसमनच्या वाट्याला मात्र हलाखी आली. गुलामाची बेडी तोडणाऱ्याला कोणी भाडोत्री म्हणत असेल, तर त्या शब्दाचा अर्थच मला पुन्हा शिकावा लागेल.

"पण मास्तर, आपल्या मराठवाड्याचा आणि फुटबॉलचा संबंध काय?" असे विचारणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांना घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर. राज्य विभागले गेले आणि बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे होते. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. ज्या राज्याच्या राजधानीत एका मास्तराने हे वैभव उभे केले, त्या राज्याचे आपण वारसदार. वारशातले आपण काय ठेवले?

याचे उत्तर देताना माझीच मान खाली जाते. लातूर पॅटर्नचा डंका राज्यभर वाजला. नांदेडच्या शिकवणीवर्गांकडेही गावोगावची मुले येतात. त्या गुणांचा मला अभिमान आहे. पण वेळापत्रकातला खेळाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला देणाऱ्यांत मीही होतो. मुले खिडकीतून मैदानाकडे बघत असत आणि मी फळ्यावर समीकरणे सोडवीत असे. एकदा एका पोराने विचारले, "गुरुजी, खेळाच्या तासाला गणित, मग गणिताच्या तासाला खेळ कधी?" वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर मात्र दिले नाही. आज आपल्याला खेळ आठवतो तो दहावीच्या वाढीव गुणांसाठी आणि नोकरीतल्या पाच टक्के राखीव जागांसाठी. प्रमाणपत्र हवे, घाम नको! जो प्रत्यक्ष घामावर जगतो त्याला भाडोत्री म्हणायचे, आणि गुणांपुरता खेळाला जवळ करणाऱ्याला हुशार!

तुमच्या मुलाला फुटबॉलपटूच करा, असा उपदेश मी करणार नाही. धंदा बेभरवशाचा आहे, हे वर मीच सांगितले. माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. मुलांचा खेळाचा तास मुलांना परत द्या. खेळाडूचा करार हा इतर कोणत्याही कामगाराच्या पगाराइतकाच पवित्र माना, आणि तो मोडणाऱ्या मालकाला जाब विचारा. आणि पोटासाठी गाव सोडणाऱ्या खेळाडूला तोच मान द्या, जो परदेशी गेलेल्या आपल्या पोराला देता.

यंदाही ते पाहुणे फराळाला येणार आहेत. हा अंक मी मुद्दाम बैठकीत ठेवणार आहे. करंजी मात्र त्यांना पहिल्यांदा देईन, वाद त्यानंतर.