आरोपपत्र पाहण्याआधी झेंडा पाहू नका



रनिंग रूममध्ये बसा, शेडच्या कँटीनमध्ये बसा, नाही तर संध्याकाळच्या पॅसेंजरच्या डब्यात बसा. कोणा पुढाऱ्यावर आरोप झाल्याची बातमी आली की पहिला प्रश्न एकच ऐकू येतो, "तो कोणत्या पक्षाचा?" त्याने नेमके काय केले, कागद कोणता, तो कोणी पाहिला, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत. माणूस आपल्या पक्षाचा असेल तर हे राजकीय सूडाचे कारस्थान, आणि दुसऱ्या पक्षाचा असेल तर "आम्ही आधीपासून म्हणत होतो." सत्ताधारी आणि विरोधक यांच्या खुर्च्या बदलल्या की हीच वाक्ये इकडून तिकडे जातात. या प्रकाराचा आता खरोखर वीट आला आहे, आणि हा वीट फक्त पुढाऱ्यांचा नाही, आपलाही आहे.

आपण रेल्वेवाले म्हणून जॉर्ज फर्नांडिस यांचेच उदाहरण घेतो. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला, तेव्हा ते ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. संपाच्या आधीच, २ मे रोजी, त्यांना लखनौला अटक झाली. पुढे आणीबाणीत बडोदा डायनामाइट प्रकरणात त्यांच्यावर खटला भरला गेला. तुरुंगात असतानाच १९७७ मध्ये ते मुझफ्फरपूरहून प्रचंड मतांनी निवडून आले, दिल्लीतले सरकार बदलले आणि तो खटला मागे घेण्यात आला. आपल्या वडिलांच्या पिढीने पेढे वाटले. पण एक गोष्ट तेव्हा कोणी बोलून दाखवली नाही. आरोप खरा होता की खोटा, हे कोणत्याही न्यायालयाने शेवटपर्यंत ठरवले नाही. आधी एका सरकारने ठरवले, मग दुसऱ्याने.

तेच फर्नांडिस पुढे संरक्षणमंत्री झाले. मार्च २००१ मध्ये 'तहलका'च्या चित्रफिती बाहेर आल्या आणि त्यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये ते मंत्रिमंडळात परत आले, तेव्हा विरोधकांनी संसदेत त्यांच्यावर बहिष्कार टाकला. डिसेंबरमध्ये कारगिलच्या खरेदीवर महालेखापालांचा अहवाल आला आणि सभागृहात "कफनचोर" अशा घोषणा झाल्या. चौऱ्याहत्तरच्या संपात समन्वय समितीवर ज्यांच्या संघटना त्यांच्या शेजारी बसल्या होत्या, त्या पक्षांचे खासदारही या बहिष्कारात होते. साहेबांनी स्वतःच बाजू बदलली होती, त्याचा राग होताच. तो राग मलाही होता. पण राग म्हणजे पुरावा नव्हे.

अहवालात काय होते, हे घोषणा देणाऱ्यांपैकी कितीजणांनी वाचले असेल? अमेरिकेतून ५०० शवपेट्यांची मागणी, किंमत नगाला अडीच हजार डॉलर, आणि आलेल्या १५० पेट्या ठरल्यापेक्षा कितीतरी जड. प्रश्न गंभीर होता आणि तो विचारायलाच हवा होता. पण युद्ध जुलै १९९९ मध्ये संपले आणि पेट्या आल्या २००० साली, म्हणजे कारगिलचे जवान त्यांतून घरी आलेच नव्हते. हे सांगणाऱ्याला तेव्हा कोणी बोलू देत नव्हते. फर्नांडिस यांना निर्दोष ठरवणारा फुकन आयोगाचा पहिला अहवाल २००४ च्या सुरुवातीला आला, त्याच वर्षी सरकार बदलले, नव्या सरकारने आयोगच गुंडाळला आणि तपास सीबीआयकडे दिला. शवपेट्यांच्या प्रकरणात सीबीआयने २००९ मध्ये आरोपपत्र दाखल केले, त्यात फर्नांडिस यांचे नाव नव्हते. ज्या तीन लष्करी अधिकाऱ्यांची नावे होती, त्यांनाही विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये पुराव्याअभावी मुक्त केले. तोवर फर्नांडिस यांना स्मृतिभ्रंशाने घेरले होते. २०१९ च्या जानेवारीत ते गेले.

आता दुसरी बाजूही बघा, नाही तर मी त्यांची वकिली करतो असे वाटेल. त्याच 'तहलका'च्या फितीत सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण एक लाख रुपये घेताना दिसले होते. ते पैसे पक्षासाठी होते, असे सांगण्यात आले. हा कट आहे असे म्हणणारे तेव्हा थोडे नव्हते. एप्रिल २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा दिली. एकाच गाठोड्यातले दोन आरोप, आणि दोघांचा शेवट वेगळा. गाठोडे न सोडता त्याचा निकाल देता येत नाही.

टू-जीचेही तसेच. २०१० च्या अहवालातला एक लाख शहात्तर हजार कोटींचा आकडा पोराटोरांना पाठ झाला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना सोडले आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सीबीआयचे अपील सुनावणीला घेतले. एका पक्षाचे लोक २०१२ सांगतात, दुसऱ्या पक्षाचे २०१७. परवानेवाटप मनमानी होते आणि गुन्हा सिद्ध झाला नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे आपल्या माणसाला तरी समजायला हवे. फौजदारी कोर्टातून सुटलेला आपला सहकारी डी.ए.आर.मध्ये नोकरी गमावतो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. दोन्हीकडच्या पुराव्याची मापे वेगळी आहेत.

खरे तर आरोप कसा तपासायचा, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली एस.एफ. ५ हातात पडला की आपण काय करतो? पहिल्या अनेक्शरमध्ये आरोप, दुसऱ्यात तपशील, तिसऱ्यात कागदांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची. कागद दाखवा, साक्षीदार उलटतपासणीला आणा, डिफेन्स कौन्सिल द्या, असे आपण ठणकावून सांगतो. १९७४ मध्ये नियम १४(२) लावून चौकशीशिवाय माणसे घरी पाठवली, त्या जखमेची आठवण अजून काढतो. आणि तोच माणूस ड्युटी संपवून घरी गेला की टीव्हीसमोर बसून दोन मिनिटांत दुसऱ्याला १४(२) लावतो.

काही तरुण कार्यकर्ते म्हणतील, बुकिंग क्लार्क आणि मंत्री एक नव्हेत, मंत्री पुरावाच दडपू शकतो. बरोबर आहे. म्हणूनच आरोप केला पाहिजे, चौकशी मागितली पाहिजे, आणि ती दहा-बारा वर्षे लोंबकळू नये यासाठी भांडलेही पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की हे भांडण आपला पक्ष सत्तेत असतानाही तसेच चालू राहावे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २०१३ च्या मान्यतेच्या गुप्त मतदानाआधी समोरच्या संघटनेच्या एका शाखा खजिनदाराविरुद्ध निनावी पत्रक फिरले, की पूरग्रस्तांसाठी जमा झालेली वर्गणी त्याने खाल्ली. आमच्या पोरांनी त्याच्या झेरॉक्स काढून शेडमध्ये वाटल्या. मी अडवले नाही. एक प्रत खिशात घातली आणि हसलो. त्याच आठवड्यात मी एका बुकिंग क्लार्कचा डिफेन्स कौन्सिल म्हणून इन्क्वायरीत बसलो होतो, आणि व्हिजिलन्सच्या ट्रॅपमधला साक्षीदार स्वतंत्र नाही म्हणून तासभर भांडलो होतो. मतदान झाले. सहा महिन्यांनी कळले की सगळी रक्कम डिमांड ड्राफ्टने पोहोचली होती, पासबुकात नोंद होती, पावतीही होती. कोणी मागितलीच नव्हती. तो माणूस तोवर गेटवरच्या चहाच्या टपरीवर यायचा बंद झाला होता. पुढे व्हीआरएस घेऊन गाव सोडून गेला. मी त्याला पत्र लिहिले, तीन वर्षे उशिरा. उत्तर आले नाही.

त्यानंतर आमच्या शाखेत ठराव झाला, की सही नसलेले पत्रक कचेरीत छापायचे नाही आणि वाटायचे नाही. आरोप करायचा तर नाव, तारीख आणि कागद जोडून करायचा, आणि ज्याच्यावर करायचा त्याला आधी विचारायचे. डिसेंबर २०२४ च्या मतदानात याची परीक्षा झाली. समोरच्यांविरुद्ध एक चटकदार पत्रक रात्री आमच्या टेबलावर येऊन पडले. मी त्यांच्या सचिवांना फोन करून ते त्यांच्या हवाली केले. त्यांना आधी वाटले, मी सापळा लावतो आहे. आणि आमच्यातल्या तिघांनी, मते घालवली म्हणून, माझ्याशी बोलणे सोडले आहे. त्यांतले दोघे अजून बोलत नाहीत.