तिजोरीत खडखडाट, मग विद्यापीठाचे संगणक कोण सांभाळणार?

फेब्रुवारी 2025 मध्ये उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळ उपसमितीनं कर्नाटकातली नऊ नवी विद्यापीठं बंद करावीत, अशी शिफारस केली. जमखंडीचं बागलकोट विद्यापीठ त्या यादीत होतं, बिदर मात्र वगळलं होतं. त्यावर भरपूर राजकारण झालं. भाजपनं विरोध केला, काँग्रेसनं 'पैसाच ठेवला नव्हता' म्हणून उत्तर दिलं. पण पोरांच्या मार्कांचा, पदव्यांचा, नोंदींचा संगणकातला कारभार पुढं कोण बघणार, हे कुणी फारसं विचारलं नाही.

यातली गंमत बघा. 2022 च्या अर्थसंकल्पात बसवराज बोम्मई सरकारनं सात नवी विद्यापीठं जाहीर केली, तेव्हाची कल्पनाच अशी होती की शेकडो एकर जमीन नको, मोठ्या इमारती नकोत, तंत्रज्ञानाच्या जोरावर कमी खर्चात काम चालवायचं. म्हणजे पैशाच्या जागी संगणक. आता पैसा नाही म्हणून तीच विद्यापीठं बंद करा, असं सांगितलं जातंय. संगणकाला पैसा लागत नाही, ही समजूत मुळातच कच्ची होती.

संगणक विकत घेणं तसं सोपं असतं. योजना येते, निविदा निघते, फीत कापली जाते, पेपरात फोटो येतो. केंद्राच्या पीएम-उषा योजनेत 2023-24 ते 2025-26 या तीन वर्षांसाठी 12,926 कोटी रुपये होते. ते एका ठराविक मुदतीचे पैसे. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो आणि तो दरवर्षी येतो: देखभालीचा करार, सॉफ्टवेअरचं लायसन्स, इंटरनेटची लाईन, दर तीन-चार वर्षांनी बदलायच्या यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि हे सगळं बघणाऱ्या माणसाचा पगार. या खर्चाला फोटो नसतो. म्हणून बजेट आखडलं की पहिली कात्री इथंच लागते. राज्य विद्यापीठांचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क, आणि त्यातूनच पेन्शनचाही भार उचलायचा असतो. पेन्शनर दारात उभे असताना कुलसचिव सर्व्हरच्या देखभालीची फाईल आधी काढेल, अशी अपेक्षा करणंही चूकच आहे म्हणा.

फुकट मिळत होतं तेही आता मोजून मिळतंय. गुगलनं शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण काढून 2022 पासून अख्ख्या संस्थेला मिळून 100 टेराबाईटची मर्यादा घातली. मायक्रोसॉफ्टनंही 2024 मध्ये तोच मार्ग धरला. कोरोनाच्या दोन वर्षांत तासांचे व्हिडिओ भरभरून चढवलेल्या संस्थांना याचा चटका बसतो. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. जुन्या लॅबमधली बरीच मशीनं विंडोज 11 घेत नाहीत, कारण त्याला लागणारी सुरक्षा चिप त्यांच्यात नाही. शिक्षणसंस्थांना पहिल्या वर्षी प्रत्येक मशीनमागं एक डॉलर भरून सुरक्षेची दुरुस्ती मिळते, पुढं दर वर्षी दर दुप्पट होतो. रक्कम मोठी नाही. पण कोणत्या लॅबमध्ये किती मशीनं आहेत याची धड यादी असेल तरच ती भरता येणार, आणि घोडं नेमकं तिथंच अडतं.

कर्नाटकात प्रवेश, परीक्षा आणि निकाल यूयूसीएमएस या राज्यव्यापी प्रणालीवर आणले. खर्चाच्या दृष्टीनं निर्णय बरोबर होता. प्रत्येक विद्यापीठानं वेगळा ठेकेदार धरण्यापेक्षा हे स्वस्त, आणि एखादं विद्यापीठ उद्या विलीन झालं तरी अलीकडच्या नोंदी राज्याच्या प्रणालीत राहतात. पण तिच्यावर दरम्यान काय काय लादलं तेही पाहा. 2021-22 ला नवं राष्ट्रीय धोरण आलं, चार वर्षांची पदवी आली. मे 2024 मध्ये सरकारनं ते मागं घेतलं आणि 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षं केली. म्हणजे एकाच कॉलेजात दोन रचनांच्या तुकड्या, दोन प्रकारचे विषय, क्रेडिटचे दोन हिशेब. धोरण बदलायला एक आदेश पुरतो, सॉफ्टवेअर बदलायला माणसं आणि महिने लागतात. निकाल अडकला की बोलणी खाते ती कॉलेजची क्लार्क. तिच्या हातात तर काहीच नसतं की हो.

सीमाभागाला हे जास्त लागतं. बेळगाव, निपाणी, चिकोडीची मुलं पदवीनंतर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जातात, कुणी गोव्याला जातं, भालकी-औरादची लातूर-नांदेडकडं. महाराष्ट्र आणि गोवा राष्ट्रीय धोरणावर आहेत, कर्नाटक त्यातून बाहेर. क्रेडिट बँक आणि डिजिलॉकर अशा वेळी दोन राज्यांमधला पूल व्हायला हवेत. पण त्यात नोंद भरायची ती विद्यापीठानं. ती वेळेत भरली नाही, तर पुण्या-कोल्हापूरच्या प्रवेशाची तारीख थांबत नाही. बागलकोट जिल्ह्यातली कॉलेजं आधी राणी चन्नम्मा विद्यापीठाकडं होती, मग बागलकोटकडं गेली, आणि शिफारस अमलात आली तर पुन्हा मागं. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांच्या गुणपत्रिकांवर दोन विद्यापीठांची नावं. उद्या कुणी पडताळणी मागितली तर पत्र पाठवायचं कुठं?

विलीनीकरणाच्या आदेशात जमीन, इमारती, कर्मचारी यांचा उल्लेख हमखास असतो. संगणकाचा उल्लेखही तसाच हवा. विद्यापीठाचा एसी डॉट इन पत्ता अर्नेट या केंद्रीय संस्थेकडून मिळतो आणि मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं तर संकेतस्थळ गेलं, त्या पत्त्यावरचे ईमेल गेले, आणि परदेशातल्या संस्थेनं पडताळणीसाठी लिहिलेलं पत्र हवेत विरलं. यूयूसीएमएस येण्याआधीचे निकाल कुठल्या सर्व्हरवर आहेत, बॅकअप कधी घेतला, पासवर्ड कुणाकडं आहेत, हे कागदावर असायला हवं. कंत्राटी ऑपरेटरला तीन महिने पगार नाही, तो बेंगळुरूला निघून गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेले, हा धोका कुठल्याही कार्यालयात आहे.

पैसा कमी असेल तर काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे ठरवावंच लागेल. माझ्या मते परीक्षेच्या नोंदी आणि त्यांचा दुसऱ्या जागी ठेवलेला बॅकअप यांना हात लावू नये. बाकीच्यात वाव आहे. ग्रंथालयाला महागडं सॉफ्टवेअर कशाला, कोहा फुकट आहे. लॅबच्या जुन्या मशीनवर लिनक्स चालतं, केरळच्या सरकारी शाळा कैक वर्षं त्यावरच शिकवतात. शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आणि कन्नडमध्येही आहेत. नियतकालिकांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये केंद्रानं 2025 ते 2027 साठी 6,000 कोटी ठेवलेत आणि सरकारी संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं त्यातून मिळतात. ज्या नियतकालिकांची वर्गणी वेगळी भरली जाते, ती आधी या यादीशी ताडून बघा.

काटकसरीच्या नावाखाली उलटा उद्योगही होतो, तो म्हणजे मनुष्यबळ वाचवण्यासाठी घाईनं नवी प्रणाली. मुंबई विद्यापीठानं 2017 मध्ये उत्तरपत्रिकांची ऑनलाईन तपासणी पुरेशी तयारी न करता एकदम लागू केली. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढलं. तंत्र वाईट नव्हतं. इथलंच व्हीटीयू संगणकावर उत्तरपत्रिका तपासतं. पण ते रुळायला वेळ दिला गेला, आणि व्हीटीयूकडं अभियांत्रिकी कॉलेजांच्या शुल्काचा पैसाही आहे, जो जमखंडीकडं नाही.

तोवर या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी दोन कामं करून ठेवावीत. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये दिसते का ते तपासा आणि दिसत नसेल तर कॉलेजकडं लेखी अर्ज देऊन पोच घ्या. क्रेडिट बँकेतलं नाव दहावीच्या दाखल्याप्रमाणं आहे का, तेही बघा. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर बदलतं, आणि ते दुरुस्त करायला आजचं विद्यापीठ जागेवर असेपर्यंतच सोपं आहे.