ओटीपी सांगणाराच दोषी कसा?

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



‘आरबीआय कहता है’ म्हणत अमिताभ बच्चन यांनी सावध राहायला सांगितलं. बँकाही ओटीपीच्या एसएमएसखाली ‘कुणालाही सांगू नका’ असं बजावतात. तरी लोक सांगतात. केवायसी संपल्याचा, वीज तोडणार असल्याचा फोन येतो, समोरचा घाई करतो आणि सहा आकडे तोंडातून निघून जातात. फसणाऱ्यांत निवृत्त मुख्याध्यापक असतात, तसे संगणक अभियंतेही असतात. तेव्हा हा अडाणीपणाचा प्रश्न नाही.

2009 साली आपण ऑनलाइन कार्डव्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केलीत, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण चोरही शिकले. बँकेसारखं दिसणारं खोटं पान पासवर्ड घेतं, मग ओटीपी घेतं आणि लगोलग खऱ्या बँकेत भरतं. ग्राहकाच्या नावाचं दुसरं सिम काढलं, तर त्याला विचारायचीही गरज उरत नाही.

पासवर्ड आणि ओटीपीऐवजी वापरता येणारी पासकी ही वाटच बंद करते. गुप्त किल्ली ग्राहकाकडे राहते, बँकेकडे असते ती फक्त तिची उघड जोडीदार. लॉगिनच्या वेळी फोन बोटाचा ठसा किंवा पिन पाहून बँकेने पाठवलेल्या आव्हानावर सही करतो. ठसा बँकेकडे जातच नाही. शिवाय ही किल्ली संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. एक अक्षर वेगळं असलं, तर ब्राउझर ती पुढेच करत नाही. आपण बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला लावलंत, ते उत्तमच. पण तो पत्ता आजही ग्राहकाने डोळ्यांनी तपासायचा आहे, तोही घाबरलेल्या अवस्थेत. पासकी असेल, तर ते काम यंत्र करेल. (डिजिटल अटकेच्या धाकाने स्वतःच पैसे पाठवणाऱ्याला ती वाचवणार नाही, हेही खरं.)

आता मुद्द्याचं. सप्टेंबर 2025च्या आपल्या निर्देशांनी पडताळणीचे नवे मार्ग मोकळे केले, एसएमएस ओटीपीही चालू ठेवला. निर्देश न पाळल्याने नुकसान झालं तर ग्राहकाला पूर्ण भरपाई द्यावी, असंही त्यात आहे. पण ओटीपी नियमात बसतो! म्हणजे बँकेने जुनाच मार्ग धरला तरी ती निर्धास्त. आणि 6 जुलै 2017च्या परिपत्रकाचा निकष लावला, तर गुप्त तपशील सांगणारा ग्राहक निष्काळजी. तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान त्याच्या माथी. कुलूप बँकेने निवडायचं आणि ते उघडलं की जाब घरमालकाला विचारायचा, हा न्याय आम्हाला पटत नाही.

म्हणून मागणी अशी: ज्या बँकेने पासकीची सोय दिलेली नाही, तिला ‘ग्राहकाने ओटीपी सांगितला’ एवढ्यावर हात झटकता येऊ नयेत. नागरी सहकारी बँकांना यासाठी मुदत जास्त द्या, तांत्रिक मदतही द्या, पण सूट नको. ओटीपी एका रात्रीत बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. कित्येक घरांत स्मार्टफोन एकच असतो, तोही मुलाच्या खिशात. अशा खातेदारांसाठी शाखेतली सोय टिकली पाहिजे.

आणि फोन हरवल्यावर नवी पासकी नुसत्या एसएमएसवर मिळणार असेल, तर चोर तिथूनच आत येईल. ती ओळख पटवून, शक्यतो शाखेत, द्यावी. खात्यावर नवी पासकी जोडली गेली की मोठ्या रकमेचे व्यवहार काही काळ रोखून धरावेत आणि ग्राहकाला बँकेने स्वतःहून कळवावं.

आपला,
एक खातेदार