गटारात कोण उतरते?

पावसाळा तोंडावर आला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात नालेसफाई सुरू होते. चेंबरचे झाकण बाजूला होते, काळा गाळ घमेल्याने वर येतो आणि आपण नाकाला रुमाल लावून निघून जातो. वालधुनी नदीच्या काठी गाळात कारखान्यांचे रसायनही असते. त्यात उघड्या हातांनी राबणाऱ्याचे नाव आपण कधी विचारत नाही. त्याची जात मात्र न विचारता ओळखतो.

हे फक्त आपल्याकडेच घडत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. तिथे कायद्याने बेड्या तुटल्या, पण घाण काळ्या माणसानेच उपसायची हे शंभर वर्षे सुटले नाही. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात पावसामुळे कचरागाडीत आडोशाला बसलेले दोन काळे सफाई कामगार तिच्याच यंत्रात चिरडून मेले. सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर एवढेच होते : मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभे राहायला गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला तिथेच खून झाला.

आपल्याकडे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, समतेचा नकार, हेही त्यांनी तिथेच बजावले. आज गटाराच्या तोंडाशी हे दोन्ही शत्रू हातात हात घालून उभे आहेत. जात माणूस पुरवते, ठेकेदारी त्याला स्वस्तात राबवते. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कायम सफाई कामगाराच्या वारसाला निदान नोकरी मिळते. ठेक्यावरच्याच्या मुलाला बापाचा खोकला मिळतो.

मेल्यावरची किंमत तेवढी वाढली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातल्या मृत्यूसाठी १० लाख रुपये ठरवले, २०२३ साली ३० लाख. पण माणूस खाली का उतरला, हे तुम्ही-आम्ही विचारत नाही. कारण उतरवणारे आपणच असतो. सोसायटीची टाकी तुंबते, सेक्रेटरी दोन-तीन ठिकाणी भाव काढतो, यंत्रवाला महाग पडतो, मग कुणीतरी पोऱ्या बोलावला जातो. आपण मेन्टेनन्स वाचला म्हणून गप्प बसतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा अधिकाऱ्याला आणि ठेकेदाराला जसा लागू आहे तसाच सोसायटीच्या कमिटीलाही.