स्मार्ट मीटर आणि फ्रिजवरचं बिल
वडोदऱ्याच्या गोत्री भागात लाइटबिलाचा विषय निघाला की अजून २०२४चा मे महिना आठवतो. शहरात स्मार्ट प्रीपेड मीटर बसले, ते जोरात पळतात म्हणत लोक मोर्चे घेऊन निघाले आणि सरकारला शेजारी पडताळणीसाठी चेक मीटर लावून खात्री पटवायची घोषणा करावी लागली. मीटर खरंच जोरात पळतो की नाही, हे इंजिनीअर बघतील. माझी तक्रार त्यावरचा आकडा बघायचा कसा, याची आहे. दोन महिन्यांनी येणारा बिलाचा कागद फ्रिजवर चिकटवता येतो, मागच्या बिलाशी ताडता येतो, शेजारच्या काकांना दाखवून सरकारच्या नावानं बोटं मोडता येतात. प्रीपेड मीटरच्या ॲपमधली शिल्लक मात्र रोज घटते. ऐन उन्हाळ्यात, एसी चालू असताना, तो आकडा बघून कुणाचंही डोकं फिरेल. वीज कंपनीचा हिशेब चुकीचा नाही: थकबाकी टळते, रीडिंगला माणूस पाठवावा लागत नाही. पण रिचार्जची कटकट आली आमच्या गळ्यात. मीटरच्या पडद्यावर आकडे आपोआप सरकत राहतात, चष्मा सापडेपर्यंत हवा तो आकडा निघून जातो. तिथे ‘काल किती युनिट जळले’ एवढाच आकडा ठळक थांबवा, आणि महिन्याला एक छापील कागद द्या. घरोघरच्या आजींना ॲप शिकवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.