न खेळलेल्या सामन्यांचा हिशेब

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
फुटबॉल हाउस, द्वारका, नवी दिल्ली.

महोदय,


महिला फुटबॉलचा अधिकृत विश्वचषक १९९१पासून आजवर नऊ वेळा झाला. भारताच्या वरिष्ठ महिला संघाच्या नावावर त्यात एकही सामना नाही. हे आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे ते सांगण्यासाठी हे पत्र नाही. पराभवांबद्दलही मी काही विचारणार नाही. खेळात हार-जीत चालायचीच. मला विचारायचं आहे ते न झालेल्या सामन्यांबद्दल. मुली मैदानात उतरून हरल्या, त्याची निदान नोंद तरी आहे. जेव्हा त्यांना उतरायलाच मिळालं नाही, त्याचा हिशेब कुणाकडे मागायचा?

मी भिलाईचा. वडील भंडाऱ्याहून इथल्या स्टील प्लांटच्या नोकरीसाठी आले, मीही त्याच प्लांटमधून निवृत्त झालो. फुटबॉलशी माझं नातं मैदानाच्या कडेला उभं राहण्याएवढंच. पत्र मराठीत लिहितो आहे, त्याचं आपल्याला नवल वाटू नये. आपल्या महासंघाचं अध्यक्षपद २००९ ते २०२२ अशी तेरा वर्षं गोंदियाच्या प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होतं, आणि गोंदिया म्हणजे आमच्या शेजारच्या दुर्गहून गाडीने दोन-अडीच तास. मराठी वाचणारं कोणी ना कोणी आपल्या कचेरीत अजून असेलच.

सुरुवात जुन्या गोष्टीपासून करतो, कारण ‘आपल्याकडे महिला फुटबॉल आत्ता कुठे रुजतंय’ हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडून फार वेळा ऐकलं आहे. १९७५ साली महिलांची वेगळी राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८०च्या जानेवारीत कोझिकोडला आशियाई स्पर्धा भरली, तिच्यात आपल्या मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या आणि तैवानकडून हरल्या. १९८१ला हाँगकाँगमध्ये तिसऱ्या. १९८३ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. गोव्याच्या योलांडा डिसूझा त्याच पिढीतल्या. म्हणजे रुजलेलं होतं, चांगलं कमरेइतकं वाढलेलं होतं.

मग १९९१ आलं. पहिल्या विश्वचषकासाठी आशियातून कोण जाणार, हे ठरवणारी स्पर्धा जपानमध्ये फुकुओकाला झाली. नऊ संघ आले. त्यात मलेशिया होता, सिंगापूर होता, भारत नव्हता. ज्या तैवानशी आपण कोझिकोडला अंतिम सामना खेळलो होतो, तो तिथून विश्वचषकाला गेला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. महिलांचा कारभार जुन्या संघटनेकडून आपल्याकडे येण्याचा तो काळ. त्यामुळे ही चूक नेमकी कुणाच्या खात्यावर टाकायची, यावर वाद घालता येईल. पुढची वर्षं मात्र निर्विवाद आपली. १९९८च्या बँकॉक एशियाडमध्ये चीनने आपल्याला १६-० हरवलं. एवढी दरी एका संध्याकाळी पडत नसते. आणि २००९मध्ये तर फिफाच्या क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचं नावच गळालं. का? तर दीड वर्षाहून जास्त काळ संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नव्हता. क्रमवारीत खाली जायलाही खेळावं लागतं, महोदय. या मुलींना आपण तेवढंही करू दिलं नाही.

आता २०२२. त्या वर्षावर थोडं थांबायला हवं.

त्या जानेवारीत आशियाई चषक आपल्याच घरी होता. नवी मुंबई, मुंबई आणि पुणे इथे सामने होते आणि तिथूनच २०२३च्या विश्वचषकाची तिकिटं मिळणार होती. यजमान म्हणून आपल्याला पात्रता फेरीही खेळावी लागली नव्हती. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये इराणविरुद्ध सामना ०-० सुटला. संधी आल्या, हुकल्या. ठीक आहे, पुढचा सामना होता. २३ तारखेला चिनी तैपेईशी, म्हणजे त्या जुन्या तैवानशीच, गाठ होती. आम्ही इथे जेवणं लवकर उरकून टीव्हीसमोर बसलो. सामना सुरू व्हायच्या थोडंच आधी कळलं, की आपल्या संघात कोविड पसरलाय, तेरा खेळाडूही उभ्या करता येत नाहीत, सामना होणार नाही. मग नियमावर बोट ठेवून संघानेच स्पर्धेतून माघार घेतली असं मानलं गेलं, आणि इराणविरुद्धचा सामनाही नोंदीतून पुसला गेला. ज्यांनी मागे एक पाऊलही घेतलं नव्हतं, त्यांच्या नावापुढे ‘माघार’ लागली.

त्या वेळी प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी हॉटेलातल्या बायो-बबलच्या व्यवस्थेवर जाहीरपणे बोट ठेवलं होतं. यजमान कोण होतं? आपण. मग त्या बबलला भोक कुठे पडलं, हे आशियाई महासंघाला विचारून त्याचं उत्तर देशासमोर ठेवणं कुणाचं काम होतं? चौकशी झाली असेल, तर तिचा अहवाल आम्हाला आजवर का दिसला नाही? झालीच नसेल, तर का नाही? त्या संघातल्या काही मुलींना विश्वचषकाच्या इतकं जवळ जायची संधी पुन्हा मिळालेली नाही आणि मिळणारही नाही. त्यांना आपण काय सांगितलं?

जखमेवर मीठ म्हणजे काय, ते त्याच महिन्याच्या ३० तारखेला पुण्यात बालेवाडीला दिसलं. फिलिपाइन्सच्या मुलींनी पेनल्टीवर सामना जिंकला आणि इतिहासात पहिल्यांदा विश्वचषकाचं तिकीट काढलं. समोर होती तीच चिनी तैपेई, जिच्याशी आपण खेळू शकलो नव्हतो. पुढे न्यूझीलंडला जाऊन त्यांनी यजमानांनाच १-०ने हरवलं. महाराष्ट्राच्या मातीवरून विश्वचषकाची वाट गेली, फक्त ती आपल्या मुलींची नव्हती.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या महासंघावर बंदी घातली. भांडण खुर्च्यांचं होतं, ते कोर्टात चाललं होतं. त्याची शिक्षा कुणाला झाली? गोकुलम केरळच्या महिला संघाला. आशियाई क्लब स्पर्धेसाठी त्या ताश्कंदला पोचल्या होत्या आणि तिथून न खेळता परतल्या. आणखी एक न झालेला सामना.

ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला. बंदी उठली म्हणून तो वाचला. भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. संघाची कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. त्या सोळा गोलांबद्दल मी त्या मुलींना एका शब्दानेही बोलणार नाही. ती स्पर्धा आधी २०२०ची होती, मग २०२१ची, मग रद्द, मग २०२२ची. त्या तयारीच्या काळातच, परदेश दौऱ्यावर असताना, लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून एका साहाय्यक प्रशिक्षकाला आपल्याला काढावं लागलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी. त्यांच्या पालकांनी कुणाच्या भरवशावर त्यांना घराबाहेर पाठवलं होतं? पुढे २०२४मध्ये गोव्यात दोन खेळाडूंनी मारहाणीची तक्रार केली, तीही आपल्याच कार्यकारिणीतल्या एका सदस्याविरुद्ध. त्याला निलंबित केलंत, ते योग्यच. पण अशी वेळ आल्यावर मुलीने रात्री कुणाला फोन करायचा, याचा नंबर प्रत्येक शिबिराच्या भिंतीवर लावलाय का?

आता आश्वासनांकडे येतो. २०२३च्या जानेवारीत आपण ‘व्हिजन २०४७’ नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. पहिल्या टप्प्याची मुदत होती २०२६. महिलांसाठी चार थरांची लीग, खेळाडूंना किमान वेतन, असं बरंच काही त्यात होतं. त्याच वर्षी हेही ठरलं, की महिला लीगमधल्या वरच्या आठ क्लबांनी निदान दहा भारतीय खेळाडूंशी करार करावा आणि वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. महिन्याचे सत्तावीस हजारही होत नाहीत, पण तेवढ्यावरही आम्ही टाळ्या वाजवल्या. मुदत आता दारात आहे. किती क्लबांनी किती जणींना ही रक्कम खरोखर दिली? क्लबवार यादी संकेतस्थळावर का नाही?

प्लांटमध्ये शिफ्ट बदलताना लॉगबुकात ‘काम चालू आहे’ एवढंच लिहून कुणाला घरी जाता येत नसे. काय राहिलं, कशामुळे राहिलं, कुणाच्या हवाली केलं, हे लिहून खाली सही करावी लागे. आपल्याकडे अध्यक्ष बदलले, सरचिटणीस बदलले, मधे न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती येऊन गेली. महिला संघाचं लॉगबुक कुणी कुणाच्या हातात दिलं?

पैसा नाही, हे उत्तर मला अपेक्षित आहे. व्यावसायिक भागीदाराबरोबरचा पंधरा वर्षांचा करार २०२५च्या डिसेंबरात संपला, हे वाचलंय. पण २०१० साली सातशे कोटींचा तो करार झाला, तेव्हा पैसा होता ना? पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६मध्ये सुरू झाली. महिलांच्या लीगला २०१७ उजाडलं आणि तिचा पहिला हंगाम दिल्लीत एकाच मैदानावर तीन आठवड्यांच्या आत उरकला. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आलटून-पालटून सामने व्हायला २०२३-२४चा हंगाम यावा लागला. पैसा असताना ही गत, तर नसताना काय होईल, या काळजीने हे पत्र लिहिलं आहे.

आमच्या इकडचं थोडं सांगतो. आमच्या सेक्टरच्या मैदानावर मुलांनी क्रिकेटचे स्टम्प उचलले की दहा-बारा मुली फुटबॉल खेळतात. अंधार पडेपर्यंत मिळेल तो पाऊण तास त्यांचा. त्यांतल्या गोलकीपर मुलीचे हातमोजे मोठ्या माणसाच्या मापाचे आहेत. बोटांची टोकं रिकामी लोंबतात, मनगटाला केसांचे रबर गुंडाळून ते घट्ट केलेले. चेंडू पकडायला गेलं की मोजा सरकतो, म्हणून ती पकडतच नाही, प्रत्येक चेंडू मुठीने ठोसते. बघणाऱ्याला वाटतं, ही तिची शैली. दहावी-बारावीनंतर यांतल्या बहुतेकींचा खेळ सुटतो. जी टिकते ती रेल्वे, पोलीस किंवा सशस्त्र सीमा बलातली नोकरी मिळेल या आशेवर. सामने म्हणाल, तर राज्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातो, गटातले तीन-चार सामने खेळतो आणि परत येतो. बाकीचं वर्ष तो पाऊण तास.

तरीही इथून किरण पिस्दा निघाली. बालोद जिल्ह्यातली. त्याच जिल्ह्यातल्या दल्ली-राजहराच्या खाणींतून आमच्या प्लांटला लोहखनिज येतं. २०२५च्या जुलैत च्यांग माईला थायलंडला २-१ हरवून ज्या संघाने आशियाई चषकात जागा मिळवली, त्यात ती होती. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. कुणाच्या यजमानपदाच्या मेहेरबानीने नाही, पात्रता फेरी खेळून मिळवलेली ही आपल्या महिलांची पहिलीच जागा. पाठोपाठ वीस आणि सतरा वर्षांखालच्या मुलींनीही आपापले आशियाई चषक गाठले. सप्टेंबर-ऑक्टोबरात बस्तरमधल्या नारायणपूरला राजमाता जिजाबाई करंडकाची अंतिम फेरी आपण भरवलीत, मणिपूरने ती जिंकली. नारायणपूरला राष्ट्रीय स्पर्धा नेलीत, याचं श्रेय आपलं, ते मी मोकळेपणाने देतो. पण मांडव उतरल्यावर तिथल्या मुलींसाठी मागे काय उरलं? एखादी जिल्हा लीग? पगारी महिला प्रशिक्षक? जिजाबाईंचं नाव करंडकाला दिलं की आपलं काम संपलं का?

२०२६च्या मार्चमधल्या ऑस्ट्रेलियातल्या आशियाई चषकात आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि पुन्हा एकदा चिनी तैपेई आहे. बारांपैकी आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार. तिथवर पोचलो तर ब्राझीलमधल्या २०२७च्या विश्वचषकाचं दार निदान किलकिलं होतं. ऑक्टोबरात शिलाँगला आपण इराणकडून आणि नेपाळकडूनही हरलो, तेव्हा काम सोपं नाही हे आम्हालाही कळतं. आम्हाला विजयाची हमी नको आहे. तीन गोष्टी लेखी हव्या आहेत. २०२२च्या जानेवारीत काय घडलं, त्याचा अहवाल. किमान वेतनाची क्लबवार यादी. आणि ऑस्ट्रेलियाहून परतल्यावर या संघाचा पुढचा सामना कोणत्या तारखेला, कुठे, कुणाशी आहे, ते. तिसरं उत्तर संघ विमानात बसायच्या आधी द्यावं.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी,
भिलाई (छत्तीसगढ)
डिसेंबर २०२५